डब्याच्या खालच्या कप्प्यातला दवाखाना

माझ्या बायकोच्या मामांच्या हाती जगाचा कारभार दिला असता, तर आजवर एकही गुपित फुटलं नसतं. कारभारही चालला नसता, पण तो वेगळा मुद्दा. सुदैवानं त्यांच्या हाती जग आलं नाही, बडोद्यातल्या लहरीपुऱ्याजवळचा माझा डोळ्यांचा दवाखाना आला. संस्थानी काळात मामांचे पणजोबा बडोद्याच्या सरकारी खजिन्याच्या दारावर पहारा देत असत. स्वतः मामा सावली गावाजवळच्या एका कारखान्यात गेटवर सिक्युरिटी ऑफिसर होते. ते निवृत्त झाले त्याच सुमारास मी दवाखान्यातल्या जाडजूड वह्या मोडीत काढून कॉम्प्युटर आणले, आणि पेशंटांची माहिती सांभाळायला कुणीतरी भरवशाचं माणूस हवं, असं जेवता जेवता बोलून गेलो. बायको म्हणाली, "मामा आहेत की! सगळा जन्म राखण करण्यात गेलाय त्यांचा." मी हसलो. मामा हसले नाहीत. नातवंडांच्या वयाच्या मुलांशेजारी बसून त्यांनी सहा महिने कॉम्प्युटरचा क्लास केला आणि एका सोमवारी सकाळी कडक इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यापुढे हजर झाले. "जावईबापू," ते म्हणाले, "गेट कुठे आहे ते तेवढं दाखवा."

तेव्हापासून आमच्याकडे सगळं गेटमधून जाऊ लागलं. औषध कंपनीचा माणूस पेनड्राइव्ह घेऊन आला, की मामा आधी त्या पेनड्राइव्हची रजिस्टरात नोंद करत, मग तो पाहुण्यांच्या कॉम्प्युटरला लावत. हा पाहुण्यांचा कॉम्प्युटर म्हणजे कोपऱ्यातलं एक जुनंपुराणं धूड. त्याला ना इंटरनेट, ना इतर कुठल्या मशीनशी सोयरीक. तिथली तपासणी इतकी निवांत चाले, की एका बिचाऱ्यानं ताटकळता ताटकळता स्वतःचे डोळे तपासून घेतले आणि चष्मा लागल्याचं ऐकून घरी गेला. पासवर्ड दर सोमवारी बदले. मामा एकेकाला कोपऱ्यात घेऊन तो कानात सांगत, अगदी मुंजीतल्या मंत्रासारखा. त्यानंतर कुणी विसरलं, तर संपलंच. "जो विचारील त्याला सांगायचा नाही," हा मामांचा पहिला आणि शेवटचा नियम. मग ते स्वतः उठून येत, बोटांवर रुमाल पांघरत आणि रुमालाखाली पासवर्ड टाइप करत. काउंटरवर बसणाऱ्या आमच्या हंसाबेननी एकदा कंटाळून तो चिठ्ठीवर लिहून कॉम्प्युटरच्या मागे चिकटवला. मामांना चिठ्ठी सापडली. त्यांनी ती सोलून काढली, सगळ्यांच्या देखत तोंडात टाकली, चावली आणि वर पाणी प्यायले. पुढे चार दिवस ते हंसाबेनशी बोलले नाहीत.

कागदाचं तर त्यांना वावडंच होतं. एकदा लहरीपुऱ्यात त्यांनी खारे शेंगदाणे घेतले, आणि पुडी उलगडून पाहतात तर आतून आमच्याच पेशंटच्या दोन्ही डोळ्यांचे नंबर त्यांच्याकडे बघतायत! शेंगदाणे तसेच हातात घेऊन ते दवाखान्यात आले, आणि त्या दिवसापासून कागद बंद झाला. जे काय असेल ते कॉम्प्युटरमध्ये. पेशंटांना नावानं हाक मारणंही त्यांनी बंद केलं. टोकन नंबर पुकारायचा. पण आमचे पेशंट कसले ऐकतात! मामांनी हळूच "सत्तावीस" म्हणावं, आणि पादरा गावाहून आलेल्या काकांनी उठून अख्ख्या हॉलला सांगावं, "ए हूं! जमणी आंख, मोतियो पाकी गयो छे, ने डायाबिटीस पण छे!" उजव्या डोळ्यातला पिकलेला मोतीबिंदू आणि मधुमेह, दोन्ही असे चव्हाट्यावर आले की मामा कपाळाला हात लावत. लग्नाच्या हंगामात मात्र त्यांचा खरा कस लागे. मुलाकडचे लोक गुपचूप येऊन मुलीच्या चष्म्याचा नंबर काढून घ्यायला बघत. एक गृहस्थ तर फाफडा-जलेबीचा पुडा घेऊन आले होते. मामांनी जलेबीकडे एकवार प्रेमानं पाहिलं आणि म्हणाले, "आमच्याकडे अशी कुणी मुलगी आलेली नाही. तुम्हीसुद्धा आलेला नाही. चालो, आवजो." ती मुलगी त्या वेळी आत माझ्यासमोर बसली होती आणि तिनं हे सगळं ऐकलं. तिच्या लग्नात वराकडच्या मानकऱ्यांच्या आधी मामांना शेला मिळाला.

पण त्यांचा खरा अभिमानाचा विषय म्हणजे पिशव्या. दवाखान्यातल्या माहितीची एक प्रत रोज संध्याकाळी छोट्या डिस्कवर उतरायची. ती डिस्क मामींनी शिवलेल्या पांढऱ्या पिशवीत, पिशवी जेवणाच्या डब्याच्या खालच्या कप्प्यात, आणि डबा मामांच्या हातात. महिन्याकाठची जुनी प्रत पिवळ्या पिशवीत, ती कायमची घरीच. वाटेत शेव-उसळीचा कितीही खमंग वास आला, तरी त्या डब्यासकट मामा कुठे थांबले नाहीत. "दवाखान्याला आग लागली, पूर आला, तरी आपला दवाखाना माझ्या घरी शाबूत," असं ते म्हणत. सकाळी निघताना मामी पांढरी पिशवी हातात देत. या सगळ्यात एकच गोष्ट मला छळत होती. दवाखान्याचा पहारेकरीच हळूहळू आंधळा होत चालला होता. मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, आणि डोळ्यांच्या डॉक्टरचा मामेसासरा असून ते मला हात लावू देत नव्हते. ऑपरेशन म्हणजे आठवडाभर चाव्या दुसऱ्याकडे द्यायच्या, आणि तसा दुसरा कुणी त्यांना दिसत नव्हता. पडद्यावरची अक्षरं त्यांनी इतकी मोठी करून ठेवली होती, की एका आडनावात अख्खा पडदा भरे. मी टोकलं, तर म्हणाले, "मागून कुणी डोकावलं तरी पुरतं नाव कळू नये म्हणून केलंय."

एकदा मामी लेकीकडे सावलीला गेल्या होत्या, त्यामुळे सकाळी पिशवी मामाच उचलून आणत. त्याच आठवड्यात एका सकाळी वीज दोनदा आली, दोनदा गेली, आणि आमचा मुख्य कॉम्प्युटर जो बसला तो बसला. बाहेर ऑपरेशनचे सहा पेशंट डोळ्यांत औषध घालून तयार होते, आणि कुणाच्या डोळ्यात किती नंबरची लेन्स बसवायची, ते सगळं त्या कॉम्प्युटरच्या पोटात. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मामा मात्र सावकाश उठले. इतकी वर्षं ते याच दिवसाची वाट बघत होते. त्यांनी डबा टेबलावर ठेवला, वरची भाजी-पोळी बाजूला काढली आणि खालच्या कप्प्यातून पिशवी काढून दोन बोटांत उंच धरली. "ही घ्या. कालपर्यंतचं सगळं आहे."

हंसाबेन हळूच म्हणाल्या, "मामा, आ तो पीळी छे."

"पीळी? डोळे तपासून घ्या हंसाबेन. पांढरीशुभ्र आहे."

पिशवी हळदीसारखी पिवळी होती. पिकलेल्या मोतीबिंदूमागून पांढरं पिवळं दिसतं, पिवळं पांढरं वाटतं, हे मी रोज पेशंटांना समजावून सांगतो. घरच्या माणसाच्या बाबतीत ते या रीतीनं कळेल असं वाटलं नव्हतं. मामांनी पिशवीकडे पाहिलं, मग आमच्याकडे, एकेकाकडे. मग ते पेशंटांच्या बाकावर जाऊन बसले. मला फार वाईट वाटलं. हंसाबेननी त्यांना स्कूटरवर मागे बसवून घरी नेलं आणि खरी पांढरी पिशवी आणली. अकरापर्यंत सगळी माहिती दुसऱ्या कॉम्प्युटरवर जागच्या जागी आली आणि सहाही ऑपरेशनं झाली. शेवटचा पेशंट गेल्यावर मामा माझ्या खोलीत आले आणि चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. "जावईबापू, गेटवाल्यालाच दिसत नसेल तर गेट लावून काय उपयोग? उद्या माझा डोळा करा. माझं नाव कॉम्प्युटरमध्ये घाला. हाक मात्र टोकननेच मारा." मग त्यांनी हंसाबेनना बोलावलं, दार लावून घेतलं आणि पासवर्ड त्यांच्या कानात सांगितला. जुडगाही त्यांच्याच हातात दिला.

डोळ्यावरची पट्टी काढली, तेव्हा मामींनी मुद्दाम दोन्ही पिशव्या आणल्या होत्या. मामा पांढऱ्या पिशवीकडे किती तरी वेळ बघत राहिले. "इतकी पांढरी असते होय ही?" ते मामींना म्हणाले. "दर आठवड्याला धुतेस की काय?" मामी म्हणाल्या, "दर रविवारी. इतकी वर्षं." मामांनी घसा खाकरला आणि हंसाबेनकडे वळून अगदी सहज विचारलं, "सोमवारी नवा काय ठेवलात?"

हंसाबेन ताठ उभ्या राहिल्या. "मामा, जे पूछे एने नहीं कहेवानो. तमे ज शिखवाड्युं छे."

मामांचाच नियम मामांना! मला वाटलं, आता भडका उडतो. मामांच्या मिशा थरथरल्या. आणि मग ते असे हसले, असे हसले, की डोळ्याला पाणी लागता कामा नये म्हणून मलाच कापूस घेऊन धावावं लागलं. दुसरा डोळाही पुढच्या महिन्यात झाला. आता मामांना लहरीपुऱ्यातल्या पाट्या लांबून वाचता येतात. ते रोज येतात, बाकावर बसतात, टोकन पुकारतात. पासवर्ड हंसाबेननी त्यांना अजून सांगितलेला नाही, आणि त्यांनी पुन्हा कधी विचारलेलाही नाही. आपल्याशिवाय गेट चालतं, हे कळल्यानं ते थोडे गप्प झालेत असं मला कधी कधी वाटतं. पण संध्याकाळ झाली, की हंसाबेन डिस्क पिशवीत घालून त्यांच्या डब्याच्या खालच्या कप्प्यात ठेवतात. मामा डबा उचलतात, दारापाशी जाऊन कप्पा उघडतात, पिशवी उजेडात धरतात. पांढरी आहे ना, एवढं बघतात. मग स्वतःला उघडता न येणारा अख्खा दवाखाना हातात घेऊन, शेव-उसळीच्या गाडीकडे न बघता, सरळ घरी जातात.