जबडा एक, दातांसह

नोकरी संपली की ती घटना विसरता येईल असे वाटले होते. नोकरी संपली, ती तशीच आहे.

साल पन्नासच्या आसपास. मी वसईत नवा फौजदार. ठाण्यात एक बागायतदार आले. शिकलेले, जुन्या हाडांचा नाद असलेले. मुंबईच्या एका कॉलेजाने त्यांना अभ्यासासाठी दिलेला, दगड होऊन गेलेला एका प्राचीन सरपटणाऱ्या प्राण्याचा जबडा ओटीवरून चोरीला गेला होता. मी खुर्ची दिली, चहा मागवला. त्यांचा संशय होता दारी मासळी घेऊन येणाऱ्या पाचूबंदरच्या एका कोळ्यावर.

दुसऱ्याच दिवशी खबर आली, कोळ्याच्या घरी देवाजवळ जबडा आहे. झडतीत सापडला. चिखलाने काळा पडलेला. पंचनाम्यात मी लिहिले, 'जबडा एक, दातांसह.' दात कसे होते, हे फिर्यादीला विचारायचे मला सुचलेच नाही. बागायतदारांनी पाहताक्षणी सांगितले, "हाच."

कोळी म्हणाला, "सायेब, खाडीत गावला. नव्या जाल्यात पयला आला म्हनून ठेवला. दगूड चोरून मी त्याचं काय कालवन करू?"

हवालदार हसला. मला राग आला. पुढचे लिहायला हात धजत नाही, पण लिहिलेच पाहिजे. मी स्वतः त्याच्या उजव्या हातावर रूळ मारला. दोन बोटे मोडली. संध्याकाळी त्याने चोरी कबूल केली.

मुद्देमाल ओळखायला कॉलेजचे प्राध्यापक आले. जबडा खिडकीशी नेऊन म्हणाले, "हा आमचा नव्हे. आमच्याचे दात हाडाच्या आतल्या बाजूला चिकटलेले होते, घोरपडीचे असतात तसे. त्यावरूनच तो सरड्यांच्या कुळातला ठरवला. इथे प्रत्येक दात आपल्या खळग्यात बसलाय. हा हलवून बघा."

दात हातात आला. खाली खळग्यात नवा, इवलासा दात तयार होता.

"ही मगर. आणि दगड कुठला, साधं हाड आहे."

"पण बागायतदारांनी ओळखला."

"महिनाभर भिंग लावून ज्यांनी दात तपासले, ते इथे चुकतील?"

मी थेट बागायतदारांच्या वाडीत गेलो. त्यांनी फार ताणले नाही. "हातातून पडला हो. तुकडे वाडीतल्या बावखलाच्या पाण्यात टाकले. कॉलेजला काय तोंड दाखवणार होतो?"

"आणि त्या माणसाचं?"

"तो सुटेलच ना आता."

हे वाक्य आठवले की आजही अंगाची लाही होते. त्यांना मी हातसुद्धा लावला नाही. उलट निघताना नमस्कार केला.

जाणूनबुजून खोटी फिर्याद असेल तर मॅजिस्ट्रेटकडे 'बी' समरी, म्हणजे तसा अंतिम अहवाल, पाठवून फिर्यादीवर खटला भरायचा असतो. पण खटला उभा राहिला असता तर कोळ्याची बोटेही कोर्टाने पाहिली असती. मी 'सी' समरी पाठवली: गैरसमजातून झालेली फिर्याद. वरून मंजूर झाली. कोळी घरी गेला. त्या हाताने जाळ्याची गाठ बसत नाही, असे पुढे कानावर आले. त्याने तक्रार केली नाही. करणार कुठे? ठाण्यात मीच बसलो होतो.

सरडा आणि मगर यांतला फरक मला ठाऊक नव्हता, ते अज्ञान म्हणता येईल. खोटी फिर्याद आणि गैरसमज यांतला फरक मला पक्का ठाऊक होता.