पावणेअकरा

बँकेचा शिपाई सायकलवरनं उतरलाच न्हाई. एक पाय उंबऱ्यावर टेकला आन् म्हणाला, "पावणं कुठं हाईत? साहेब लोक मुलाखत घ्यायला बसून खोळंबल्यात की."

मी पोरीला आंघूळ घालत हुते. पायावर घेतलेली, अंगभर साबण, डोळ्यात जाऊ ने म्हणून माझा एक हात तिच्या कपाळावर. मी आतनंच म्हटलं, "अजून टाईम हाय न्हवं. अकराला बोलवलंय."

"अकरा कुणी सांगितलं? काल हितंच उभा ऱ्हाऊन मी त्यास्नी सांगितलं, पावणेअकरा. पावणेअकरा वाजून गेलं बी."

माझ्या हातातला तांब्या तसाच ऱ्हायला. काय झालं ते मला तिथंच कळलं. शिपायानं सांगितलं पावणेअकरा. आमच्या ह्येनी ऐकलं, पावणं, अकरा. आन् तसं ऐकायला ह्येंला मीच शिकवलं हुतं.

पोरीला टावेलात गुंडाळली, डोस्क्यावरचा साबण धुतला बी न्हाई, पदर वढला आन् पळत सुटले. भाबी मागनं वरडली, "अगं चपला तरी घाल." माझ्या भावाचं, भाईचं, सायकलचं दुकान पेठेच्या कोपऱ्यावर हाय, ह्येनी तिथं बसून वाट बघणार हुतं. दुकानात गेले तर भाई म्हणाला, बूट पालिश करायला गेल्यात, तिथनं तसंच बँकेत जातील. मी काय सांगितलं न्हाई, भाईला सांगायचं धाडसच झालं न्हाई, तशीच पळाले. पोरगी रडायला लागली, रस्त्यावरची माणसं बघाय लागली, माझ्या छातीत मावंना एवढा दम लागला.

आता हितं सांगायला पायजे, न्हाईतर तुम्हाला कळायचं न्हाई.

ह्येंचा जल्म आफ्रिकेतला, दारेसलामचा. माझी आत्या लई वर्साखाली तिकडं दिलेली, तिनंच हे स्थळ आणलं. मी चौथीतनं साळा सोडलेली, आन् ह्येनी तिकडं बँकेत कोट घालून हिशेब बघणारं. लगीन झालं, मी बोटीनं गेले, पोरगी तिकडंच झाली. मग तिकडं दिवस बदललं. आमच्या हिंदुस्थानी लोकांच्या नोकऱ्या जाया लागल्या, एक दिवस ह्येनी बँकेत गेलं तर ह्येंच्या खुर्चीवर दुसराच माणूस बसलेला. ह्येंचा चुलतभाऊ इंग्लंडला गेला. ह्येंच्याकडं बी इंग्लंडचा पासपोर्ट हुता. माझ्याकडं न्हवता. मी रडून रडून म्हटलं, कोल्लापूरला चला, माझा देश हाय, तिथं बँका काय, सोसायट्या काय, कारखानं काय, हिशेब येणाऱ्या माणसाला कोण न्हाई म्हणंल?

सगळ्यांनी न्हाई म्हटलं. वारणानगरला कारखान्यात गेलं, गडहिंग्लजला यष्टीनं जाऊन आलं. तिथलं साहेब लोक चहा पाजायचं, कागद बघून मान हलवायचं, इंग्रजी झकास हाय म्हणायचं, आन् मग इचारायचं, पावणं, मराठी येतं का? आमची हिशेबाची कीर्द मराठीत असती. ह्येनी घरात माझ्यासंगं उर्दू-हिंदी बोलायचं, बाहेर इंग्रजी. मराठी एक अक्षर येत न्हवतं.

आन् त्यात जावई सासऱ्याच्या घरात. गल्लीत कोण तोंडावर बोलत न्हवतं, पर भाबी भाकरी वाढताना तव्याशी बोलायची. "आज बी एक जास्त भाजली व्हय रं," असं तव्याला म्हणायची. ह्येंला कळायचं न्हाई. मला कळायचं.

मग ह्या बँकेत जागा निघाली. बँकेचं नाव लिवत न्हाई, ती लोकं चांगली हाईत. भाईनं अर्ज लिवला, त्यात ठोकून दिलं, मराठी लिहिता-वाचता-बोलता येते. आन् ह्येनी मला सांगून टाकलं, हितं न्हाई झालं तर मी एकटा इंग्लंडला जातो, तुमचं नंतर बघू. नंतर म्हंजे काय ते मला म्हाईत हाय. आमच्या गल्लीत एक बाई हाय, तिचं बी नंतरच बघायचं ठरलं हुतं. ती अजून पोस्टमन आला की भांडी टाकून दारात येती.

म्हणून मी ह्येंला शिकवाय लागले. पोरगी निजली की पाटी घेऊन बसायचो. अक्षरं ह्येंनी झरझर उचलली. आकड्याला अडलं. आपला एक ह्येंला इंग्रजी नवासारखा दिसायचा, चार आठासारखा. चौदाचं अठ्ठ्याण्णव वाचायचं आन् मला हसू यायचं. ह्येनी बी हसायचं. मग सव्वा शिकवलं, साडे शिकवलं, दीड, अडीच. पावणेचं मी टाळलं. साळेत पाऊणकीच्या पाढ्याला माझ्या हातावर छड्या बसलेल्या, मला सवताला ते पाठ आलं न्हवतं, पुढं साळाच सुटली. मनात म्हटलं, नंतर बघू. बघा, मी बी तसंच म्हटलं.

आन् त्याच वक्ताला ह्येनी एकदा मला इचारलं, "ये पावणं कौन है? हर आदमी मुझे पावणं क्यूँ बोलता है?" मी म्हटलं, पावणं म्हंजे मेहमान, हितं अनोळखी माणसाला तसंच हाक मारत्यात. कुणी पावणं म्हटलं की समजायचं आपल्याला म्हणाला, आन् मागनं काय येतंय तिकडं ध्यान द्यायचं. ह्येंनी मान डोलवली. हुशार माणूस, एकदा सांगितलं की पक्कं.

काल शिपाई आलता तवा मी आत चुलीपाशी हुते. मला बी ऐकू आलतं, पावणे काय तरी. पोरगी रडत हुती. उठून दारात जाऊन, परक्या माणसाफुडं उभं ऱ्हाऊन, काय म्हणालासा म्हणून इचारायची मला लाज वाटली. ह्येनी आत आलं आन् खुशीत म्हणालं, "अकरा बजे." मी म्हटलं, बरं झालं.

तर मी बँकेच्या दारात पोचले तवा ह्येनी रस्त्यानं येत हुतं. निवांत. टाय लावलेला, बूट चकाचक, हातात कागदाची फाईल. मला लांबनं बघितलं आन् मनगटावरचं घड्याळ बोटानं दाखवलं, बघ, वेळेच्या आधी आलोय, असं हसलं. त्या हसण्याकडं मला बघवलं न्हाई. मी हाताला धरून वढतच आत नेलं. मागनं शिपाई बी सायकल लावून आला. मी अनवाणी, पदर सुटलेला, कडेवर साबणाची पोरगी, आन् कसलाच इचार न करता मी बी खोलीत शिरले.

टेबलामागं चेअरमन, शेजारी मॅनेजर, आन् दोघं-तिघं पांढऱ्या टोपीवालं.

चेअरमन म्हणाले, "या पावणं. बँक काय सासऱ्याची न्हाई, निवांत यायला."

सगळी हसली. मला वाटलं, म्हंजे ह्यांना बी म्हाईत हाय आम्ही कुणाच्या घरात ऱ्हातो ते.

मॅनेजर हसला न्हाई. त्यानं अर्ज वर काढला. "हितं लिवलंय मराठी येतं. मग पावणेअकरा कळलं न्हाई व्हय?"

ह्येंनी तोंड उघडलं. खरं तेच सांगणार हुतं, ह्येंला दुसरं येतच न्हाई. आन् खरं सांगितलं की अर्जातलं खोटं पडलं, नोकरी गेली, आन् ह्येनी बी गेलं. मी म्हटलं, "साहेब, निरोप मी घेतला. ह्येनी घरात न्हवतं. मीच चुकीचं सांगितलं."

शिपाई माझ्या मागंच उभा हुता. त्यानं ह्येंच्या तोंडावर निरोप सांगितलेला. मी त्येच्याकडं बघितलं न्हाई, माझी मान वळलीच न्हाई. तो म्हणाला, "व्हय साहेब. बाईच हुत्या." का म्हणाला ते मला अजून कळलेलं न्हाई.

चेअरमननी मला वरपासनं खालपर्यंत बघितलं. "बाई, साळा किती?"

"चौथी."

"चौथी झालीया आन् घड्याळ कळत न्हाई?"

"न्हाई जी."

"मग सयपाक कशावर करता, कोंबड्यावर?"

"मिलच्या भोंग्यावर," मी म्हटलं.

खोली हसली. मॅनेजर बी हसला. टोपीवाला एकजण डोळं पुसाय लागला. आन् आमच्या ह्येंला सगळं कळलं न्हवतं, निम्मं कळलं हुतं, पर सगळी हसली म्हणून ह्येनी बी हसलं. थोडंसंच. मी बघितलं. मला घड्याळ कळतंय. तिकडं आफ्रिकेत सकाळच्या अकराला पाच म्हणत्यात, ते सुदिक मी दोन बाजार चुकवून शिकले. पर त्या खोलीत मी घड्याळ न कळणारी बाई झाले, आन् मला वाटलं, हितंच जमीन फाटंल तर बरं.

"जावा आता," चेअरमन म्हणाले, आवाज मऊ करून. "त्या लेकराच्या डोक्याचा साबण धुवा आधी. आन् पावणं, तुम्ही बसा. मॅनेजर, त्यांना ताळेबंद द्या एखादा, हात कसा चालतोय बघू."

दुपारी ह्येनी घरी आलं. हात चालला हुता. सहा महिनं कच्ची नोकरी, काम पटलं तर कायम. अब्बांनी पेढं आणलं. भाबीनं त्या दिवशी तव्याला काय सांगितलं न्हाई. आन् ह्येनी खोलीत आलं, टाय काढला, आन् हळू आवाजात म्हणालं, "तुमने ऐसा क्यूँ कहा?"

मी म्हटलं, नोकरी लागली न्हवं.

"वो लोग तुम पर हँसे. मैं भी हँसा."

मी पोरीला पाजाय लागले.

ते तिथंच मिटलं असतं, पर मिटलं न्हाई. बँकेतनं ते गल्लीत आलं. नळावर बायका म्हणायच्या, "काय गं पावणेअकरा, पाणी आलं का भोंगा व्हायचाय?" पोरं मागनं वरडायची. मी हसून घालवायची. पर एक दिवस बँकेतल्या कारकुनानं ह्येंलाच इचारलं, साहेब, डबा आज वेळेवर आला, घरात कोंबडा आणला काय? आतापतुर ह्येंला मराठी चांगलं कळाय लागलेलं. ह्येनी घरी आलं तवा तोंड लाल. म्हणालं, सोमवारी मी चेअरमनास्नी खरं काय ते सांगणार. चूक माझी हुती. माझी बायको अडाणी न्हाई.

ते ऐकून मला किती बरं वाटलं ते मी कुणाला सांगू? माझी बायको अडाणी न्हाई. असं माझ्याबद्दल कुणी म्हटलं न्हवतं. आन् त्याच वक्ताला मी बोटावर महिनं मोजलं. सहा महिनं झालं न्हवतं. अर्जात खोटं लिवलं, चेअरमनफुडं बायको खोटं बोलली, शिपायानं री वढली. एवढं बाहेर आल्यावर कोण ठेवंल?

सोमवारी सकाळी ह्येनी दारात बसून बूट घालत हुतं. एक घातलेला, एक हातात. भाबी चुलीपाशी, कान हिकडं. मी पोरीला कडेवर घेऊन ह्येंच्या वाटंत उभी ऱ्हायले.

मी म्हटलं, "सांगू नका."

ह्येनी म्हणालं, "तुम्हारी इज़्ज़त का सवाल है."

मी म्हटलं, "माझी हाय न्हवं? मला नको हाय ती. मला नोकरी पायजे."

मोठ्यानं म्हटलं मी. भाबीच्या हातातला चिमटा थांबला.

ह्येंनी माझ्याकडं बघितलं. मी दुसरी कुणी तरी हाय आन् चुकून ह्या घरात आलीय, असं बघितलं. मग दुसरा बूट घातला, नाडी बांधली आन् गेलं. त्या दिवशी ह्येंनी काय सांगितलं न्हाई. पुढं बी कधी न्हाई.

नोकरी कायम झाली. पासपोर्ट पेटीत तळाला गेला. आम्ही पेठेतच दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, माझी चूल येगळी झाली. जे मागितलं ते सगळं मिळालं. फक्त ह्येनी आता मला शब्द इचारत न्हाईत. पावकी, पाऊणकी बँकेतल्या एका म्हाताऱ्या कारकुनाकडनं शिकून घेतली म्हणं, मला दुसऱ्याच्या तोंडनं कळलं. संध्याकाळी पेपर वाचत बसत्यात, अडलं तर अडून बसत्यात, पर माझ्याकडं मान वर करत न्हाईत. आन् चारचौघात माझी कुणी चेष्टा केली तर ह्येनी हसत बी न्हाईत, बोलत बी न्हाईत, पोरीशी खेळाय लागत्यात.

मी ह्येंला हितं ठेवून घेतलं, हे खरं हाय. पर ह्येंला माझ्यासाठी एकदा खरं बोलायचं हुतं, तेवढं बी मी बोलू दिलं न्हाई. रोज भाकरी थापताना मी त्या दारात परत उभी ऱ्हाते, पोरगी कडेवर, ह्येंच्या हातात एक बूट, आन् दर वेळी माझ्या तोंडातनं तेच निघतं.

तुम्ही तिथं असतासा तर काय म्हटलं असतं, सांगा.