गरम भाकरी आणा

बढाया मारण्यात मी हॉस्टेलमध्ये कुणाला हार जात नसे. मेसचं पाणचट वरण ताटात पडलं की मी सुरू व्हायचे, "आमच्या धाराशिवकडे या एकदा. हॉटेलात जेवण कसं असतं ते दाखवते." चार वर्षं मी हे ऐकवलं. गेल्या हिवाळ्यात माझ्या दोन्ही जुन्या रूममेट, एक पुण्याची, एक मुंबईची, नवऱ्यांना घरी ठेवून खरोखरच दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि माझं पितळ उघडं पडायची वेळ आली.

पहिल्या दिवशी त्यांना गावातल्या नव्या फॅमिली रेस्टॉरंटात नेलं. रंगीत दिवे, जाडजूड मेनू कार्ड आणि ताटात गोडमिट्ट पनीर. दुसऱ्या दिवशी दुसरीकडे गेलो, तर तिथं फक्त मंचुरियन शिल्लक होतं. पुणेकरीण तोंड पुसत म्हणाली, "छान आहे गं. आमच्या कोपऱ्यावर अगदी असंच मिळतं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या निघणार होत्या. म्हणजे अब्रू राखायला एकच दुपार उरली होती.

त्या दुपारी नळदुर्गचा किल्ला बघून झाला, पोटात कावळे ओरडायला लागले आणि मला हायवेवरचा एक ढाबा आठवला. लहानपणी वडिलांबरोबर तिथं जेवले होते. पूल ओलांडला की डाव्या हाताला, एवढी खूण पक्की होती. डाव्या हाताला मोठा मांडव दिसला. चुलीवर पातेली रटरटत होती, बायका भाकरी थापत होत्या आणि पन्नासेक माणसं पंगतीत बसली होती. ढाब्यानं केवढी प्रगती केली म्हणून माझा ऊर भरून आला.

"बघा, टेबलखुर्चीची थेरं नाहीत इथं," मी सांगितलं आणि पंगतीत बसकण मारली. जवळून जाणाऱ्या टोपीवाल्या काकांना म्हटलं, "काका, तीन मटण थाळ्या. तिखट बेतानं."

काकांनी क्षणभर बघितलं. "बसा की ताई, पोटभर खावा," म्हणाले आणि ओरडले, "आरं, हिकडं पाव्हण्यांना वाढा!"

मग जे सुरू झालं ते काय सांगू! काळ्या मसाल्याचं सुक्कं, वर तर्री आलेला रस्सा, आणि नको म्हटलं तरी ताटात पडणारं वाढप. मुंबईकरीण नाक पुसत खात होती. पुणेकरणीनं तर कमाल केली. भाकरीला बोट लावलं आणि हुकूम सोडला, "ही गार आहे. गरम आणा." एक आजी ती भाकरी घेऊन गेल्या आणि चुलीवरची फुगलेली भाकरी स्वतः घेऊन आल्या.

तेवढ्यात समोर माझं लक्ष गेलं. एका माणसाच्या मांडीवर गुळगुळीत डोक्याचं, टाळूला हळद लावलेलं बाळ रडत होतं. हे जावळ होतं! कुणाच्या तरी बाळाच्या जावळाला आम्ही बिनबोलावता जेवत होतो, आणि वर भाकऱ्या परत पाठवत होतो.

सांगायला मी तोंड उघडलं, तोच पुणेकरीण नळी चोखत म्हणाली, "मानलं बाई तुला." हे ऐकायला माझे कान इतकी वर्षं आसुसले होते. मी तोंड मिटलं आणि निर्लज्जपणे आणखी रस्सा मागितला.

हात धुतल्यावर मुंबईकरणीनं घात केला. "काका, बिल आणा!" सगळा मांडव आमच्याकडे बघायला लागला. भाकरीवाल्या आजी पुढं आल्या.

"पोरींनो, तुमी कुणाकडच्या गं? सुनंच्या म्हायारचे म्हणत्यात ह्या सासरकडच्या, आमी म्हणतोय म्हायारकडच्या."

मी ढाबा समजून शिरल्याचं कबूल केलं. आजी मांडवाची मेढ धरून हसल्या. "त्यो ढाबा व्हय? बंद पडून लई वर्सं झाली की. आन् भाकरी कुणी परत धाडली?"

पुणेकरणीनं शाळेतल्यासारखा हात वर केला.

"माज्या सासूनं बी कदी माजी भाकरी परत धाडली न्हाय गं!"

मांडव हसून लोटपोट झाला. मी माफी मागायला वाकले, तर आजी म्हणाल्या, "लेकींना रित्या वटीनं धाडू व्हय?" आणि तिघींच्या ओटीत खण-नारळ घातला.

गाडीत आम्ही इतक्या हसलो की मला गाडी बाजूला घ्यावी लागली. हसू ओसरल्यावर मी मान खाली घालून सांगितलं, "मला मध्येच कळलं होतं गं. पण तू मानलंस, मग बोलवेना."

पुणेकरीण मांडीवरचा नारळ गोंजारत होती. "मला तर गरम भाकरी आली तेव्हाच कळलं. आजींनी तिच्यावर लोणी घातलं आणि म्हणाल्या, नातवाला आशीर्वाद द्या."

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतकी खुशीत होतीस, जीव होईना," ती म्हणाली. "आणि रस्सा अजून यायचा होता."