मार्तंडकाकांची मराठी

शलाकानं घरात मराठी बोलणं सोडलं त्याला सहा महिने झाले होते, आणि तिच्या आईला, इंदूताईंना, ते अजून पचलेलं नव्हतं. त्यांनी फडताळातलं मोठं तपेलं मागितलं की शलाका आतून उत्तर द्यायची, "अलमारी में नीचे रखा है." मग इंदूताई भिंतीला ऐकवायच्या. सात पिढ्या झाशीत गेल्या, खंडेराव गेटापाशी आम्ही मराठीतच जन्मलो न् मराठीतच मेलो, हिंदी काय ती उंबऱ्याबाहेर; आणि या बाईला चाळिशीला टेकल्यावर आईशी बोलायची लाज वाटायला लागली.

लाज असती तर शलाकानं ती केव्हाच धुऊन टाकली असती. खरं कारण सांगायला तोंड उघडलं की ते इतकं किरकोळ वाटायचं, की तिचा तिलाच संताप यायचा.

सात वर्षं ती कानपूर रोडवरच्या एका ट्रॅक्टर एजन्सीत होती. मोठ, गुरसराय या गावांकडून येणाऱ्या शेतकऱ्यांचे नोंदणीचे, विम्याचे कागद करायचं काम. ती नोकरी लावून दिली मार्तंडरावांनी. ते तिथले मॅनेजर आणि तिच्या वडिलांचे जुने स्नेही. वडिलांच्या तेराव्यालाच त्यांनी इंदूताईंना सांगितलं होतं, आपली मुलगी आहे, मी बघतो. शलाका त्यांना लहानपणापासून काका म्हणायची. पहिल्या दिवशी त्यांनी हसत सांगितलं, इथं सर म्हणायचं.

तीस-पस्तीस माणसांच्या त्या ऑफिसात मराठी कळणारी दोनच माणसं होती, ते आणि ती. बाकी सगळ्यांशी त्यांचं बोलणं हिंदीत, जी लावून, भैया लावून, अदबीनं. तिच्यासाठी मात्र त्यांनी मराठी राखून ठेवली होती. आवाज कधी चढला नाही. शिवी कधी आली नाही. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना ते तिच्या टेबलाशी यायचे, कागद उचलायचे, गोड हसायचे आणि देवाला नैवेद्य दाखवल्यासारखं हळुवार म्हणायचे, "नाही जमत ना बाळ? मला ठाऊकच होतं." कधी म्हणायचे, तुझे वडील लवकर गेले ते बरं झालं, हे बघायची वेळ आली नाही त्यांच्यावर. तेही हसूनच. शेजारच्या टेबलावरची स्वाती तिवारी कौतुकानं म्हणायची, सर आपसे कितने प्यार से बात करते हैं.

रोज. सात वर्षं.

सव्वा वर्षापूर्वी एके दिवशी शलाका जेवणाच्या सुट्टीत उठली आणि परत गेलीच नाही. नवऱ्याला, सुमेधला, सगळं सांगितलं. सुमेध रेल्वेत गार्ड, माणूस वाईट नाही. त्यानं नीट ऐकून विचारलं, पण वाईट असं ते नेमकं काय बोलले? इंदूताई म्हणाल्या, वडीलधारे आहेत, बोलले असतील चार शब्द, तुझ्या भल्याचंच ना. शलाकाला वाटलं, त्यापेक्षा त्यांनी एकदा कानाखाली वाजवायला हवी होती. गालावर बोटं उठली असती, ती तरी दाखवता आली असती.

नोकरी सुटली, पण ती नोकरी शलाकाला सोडेना. सदर बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात तिला नवं काम मिळालं. मालक रामकृष्णजी सत्तरीचे, स्वभावानं थंड. पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले, "शलाकाजी, जरा सुनिए," आणि तिच्या हातातला फ्रेमांचा ट्रे खाली पडला. त्यांना फक्त पंख्याचं बटण कुठलं ते विचारायचं होतं. ती रोज दुकान बंद होताना काउंटरचे, कुलपाचे, बिलबुकाचे फोटो काढून त्यांना पाठवायची. महिन्याभरानं ते म्हणाले, बेटी, मी कधी मागितले? तेव्हा ती "सॉरी सर" असं तीनदा म्हणाली आणि नंतर संडासात जाऊन स्वतःच्या मनगटाला कडकडून चावली.

तरी हे सगळं तिचं तिच्यापाशी होतं. बकुळचं तसं नव्हतं.

बकुळ तिची मुलगी, नऊ वर्षांची. झाशीतल्या बऱ्याच मराठी मुलांप्रमाणे तिला मराठी कळते सगळी, बोलताना मात्र हिंदीच येते. एका संध्याकाळी ती भागाकार करत बसली होती. एकच गणित चौथ्यांदा चुकलं. शलाका वाकली, वही उचलली, आणि तिच्या ओठांवर एक हसू आलं. ते आलेलं तिला कळलं. मग आवाज आला, मऊ, साखरेत घोळलेला.

"नाही जमत ना बाळ? मला ठाऊकच होतं."

बकुळ रडली नाही. वहीकडेच बघत म्हणाली, "मम्मी, हिंदी में डाँट लो ना."

त्या रात्रीपासून शलाकाच्या तोंडून मराठी बंद झाली. त्या माणसानं आईची भाषा वापरून वापरून नासवली, आणि आता तो तिच्या तोंडानं तिच्या मुलीशी बोलत होता. त्याला या घरातून बाहेर काढायचं, एवढंच तिला कळत होतं. कसं, ते कळत नव्हतं, म्हणून तिनं दारच बंद केलं. इंदूताई भिंतीशी बोलत राहिल्या.

भाद्रपद तोंडावर आला आणि एका रविवारी सकाळी मार्तंडराव स्वतः घरी आले. मराठी मंडळाच्या गणपतीचे ते अध्यक्ष. आमंत्रण घरोघर जाऊन द्यायची तिथली पद्धत. सोबत एजन्सीची गाडी, आणि पत्रिकांचा गठ्ठा छातीशी धरून स्वाती. सुट्टीच्या दिवशी मंडळाची कामं एजन्सीच्या माणसांनी करायची, हे शलाकानंही सात वर्षं केलं होतं. सुमेध ड्युटीवर होता. इंदूताईंनी लगबगीनं चहा टाकला.

शलाका दारालगतच्या खुर्चीत बसली. मार्तंडराव तिच्याशी काही घडलंच नसल्यासारखे बोलले. यंदा मुलांच्या कार्यक्रमात बकुळनं अथर्वशीर्ष म्हणावं असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी तिला जवळ बोलावलं, पहिल्या ओळी म्हणून दाखव म्हणाले. बकुळ दुसऱ्याच ओळीला अडखळली. मार्तंडराव हसले.

"नाही जमत ना बाळ? आईवर गेलीस."

स्वातीही हसली, कारण सर हसले होते. स्वातीच्या कपात साखर घालणारा इंदूताईंचा हात थांबला. बकुळनं मात्र मार्तंडरावांकडे पाहिलंच नाही. तिनं आईकडे पाहिलं.

शलाका उठली. इतका वेळ आपण बसूनच राहिलो याचा तिला इतका राग आला की तिचा आवाज खणखणीत निघाला.

"स्वाती, समझीं, सर ने क्या कहा? इन्होंने मेरी बच्ची से कहा, तुझसे नहीं होगा, तू माँ पर गई है. मुझसे सात साल यही कहा. रोज़. कहा कि मेरे पिता मर गए, अच्छा हुआ. इसी प्यार से."

स्वातीचं हसू ओठांवर तसंच राहिलं, उतरायचं विसरून.

खरं तर इथं थांबता आलं असतं. पण शलाकाला आणखी एक गोष्ट माहीत होती, जी तिनं ना सुमेधला सांगितली होती ना आईला. मार्तंडराव तिच्याजवळ स्वातीबद्दलही बोलायचे, स्वातीच्या देखत, मराठीत. बोलून झालं की शलाकाच्या चेहऱ्याकडे बघत थांबायचे. आणि शलाका हसायची. तेवढं हसलं की तो दिवस निभायचा. स्वाती विचारायची, क्या कह रहे हैं सर? ती सांगायची, कुछ नहीं, गर्मी की बात.

"और तुम्हारे बारे में कहते थे," शलाका म्हणाली, "देखो इसे, समझ में आता है पति ने क्यों छोड़ा."

मार्तंडराव पहिल्यांदाच तिच्याशी हिंदीत बोलले. "शलाकाजी, आपकी तबीयत ठीक नहीं लगती." मग इंदूताईंकडे वळून मराठीत म्हणाले, वहिनी, हिला कुणाला तरी दाखवा.

इंदूताई पुढे आल्या. मार्तंडरावांच्या हातातला अर्धा भरलेला कप त्यांनी काढून घेतला, बशीसुद्धा घेतली, आणि आत जाऊन चहा मोरीत ओतल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. मार्तंडराव काही क्षण रिकाम्या हातांनी बसून राहिले. मग उठून चपला घालायला लागले.

स्वाती त्यांच्या आधी बाहेर पडली होती. पत्रिकांचा गठ्ठा खुर्चीवर होता. गाडीकडे न बघता ती गल्लीतून सरळ गेटाच्या दिशेनं चालत सुटली. शलाका मागोमाग गेली. ऑटोच्या थांब्यापाशी स्वाती वळली.

"तुम हँसती थीं."

"हाँ."

"मैं रोज़ अपना डिब्बा तुम्हारे साथ खोलती थी, और तुम हँसती थीं."

शलाकाला माफी मागायची नव्हती. "सॉरी" हा शब्द त्या ऑफिसात इतका झिजला होता की तो स्वातीच्या हातात ठेवणं म्हणजे दुसरा अपमान. ती म्हणाली, हो, हसायचे, घाबरायचे म्हणून हसायचे, आणि घाबरायचे म्हणून ते माफ होत नाही.

ऑटो आली. स्वातीनं ती जाऊ दिली. तिचा चेहरा रागानं काळवंडला होता, आणि त्यातला किती राग त्या माणसावर अन् किती आपल्यावर, हे शलाकाला ओळखता येत नव्हतं.

"और क्या कहा था?" स्वाती म्हणाली. "पूरा बताओ. एक भी बात छोड़ना मत."

शलाकानं सांगायला सुरुवात केली. पहिल्या वर्षापासून. आधी त्यांची मराठी, जशीच्या तशी, मग हिंदी. आवाज वाढत गेला, फळवाल्या बायका माना वळवून बघायला लागल्या, पण ती थांबली नाही. दुसरी ऑटो येऊन उभी राहिली. स्वातीनं ऑटोकडे न बघता हातानंच तिला पुढे जायला सांगितलं आणि म्हणाली, "फिर?"