दोन डबे

चाकणच्या आमच्या कंपनीत एक मुलगी माझ्यासमोर जेवायला बसते. वय बावीस. आईवडिलांचा घटस्फोट झाल्यापासून तिच्याकडे दोन डबे असतात. एक आई घरून देते, दुसरा बाबा पिंपरीच्या बसस्टॉपवर आणून देतात. ती दोन्ही संपवते आणि बेसिनवर जाऊन ओकते.

मी खादाड माणूस. पहिल्याच दिवशी म्हणालो होतो, "मजा आहे राव तुझी." तिच्या आईबाबांचा मला संताप येतो, पण माझ्या या वाक्याचा त्याहून जास्त.

रोज दोघांचेही फोन येतात, "माझा डबा संपवलास ना?"

काल तिने दोघांना एकाच कॉलवर घेतलं. "आज मी उपाशी आहे. कुणामुळे, ते दोघं मिळून ठरवा."

मग दोन्ही डबे माझ्यापुढे सरकवले. आयुष्यात पहिल्यांदाच मला भूक नव्हती.