डोळ्यांदेखत केलेली सही

आमच्या भावजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, आयुष्यात एकाच गोष्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवला, ती म्हणजे स्वतःचा संशय. दुकान चष्म्यांचं. गिऱ्हाईक म्हणालं, "खालची ओळ स्पष्ट दिसते," की हे लगेच तक्ता बदलून पुन्हा वाचायला लावणार. माणसं ओळ पाठ करून येतात, अशी त्यांची खात्री. दूधवाल्याचं माप, पोस्टमनने आणलेलं पाकीट, डॉक्टरांचं निदान, सगळ्यात त्यांना काहीतरी काळंबेरं दिसायचं. एकदा ताई सहज म्हणाली, "आज लवकर आलात?" तर हे म्हणाले, "का, कुणी यायचं होतं का?" पुढे कितीतरी दिवस ताई त्यांच्याशी नीट बोलली नाही. तिच्या जागी मी असते तर ताटच उचलून ठेवलं असतं.

मी लग्न केलं नाही. ताईच्याच घरी राहते आणि भावजींच्या दुकानात काउंटर सांभाळते. त्यामुळे हे संशयपुराण मला घरी ऐकावं लागे ते लागे, वर दुकानातही.

अशा माणसाला छंद कसला असावा? लढाईत पदक मिळवलेल्या सैनिकांच्या सह्या जमवण्याचा. फोटो, टोपी, कमरेचा पट्टा, नकाशाचा फाटका तुकडा, काहीही चालेल, पण त्यावर त्या सैनिकाच्या हातची सही हवी. तरुणपणी त्यांना स्वतःला सैन्यात जायचं होतं. नजर अधू म्हणून पहिल्याच तपासणीत परत पाठवलं. ते दुःख त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण आमच्या बैठकीच्या खोलीत घड्याळ लावायलाही भिंत उरली नव्हती.

या छंदात लबाडी फार चालते. गाजलेला सैनिक वारला की वर्षभरात त्याच्या सह्या हयातीत नव्हत्या इतक्या निघतात. म्हणून आमच्या गावच्या संग्राहकांच्या मंडळात भावजींना मान होता. ग्रंथालयाच्या माडीवर बैठक भरायची. कुणी नवी वस्तू आणली की ती आधी भावजींपुढे यायची. ते भिंग डोळ्याला लावायचे, श्वास रोखायचे आणि "ठीक" म्हणायचे. तेवढ्याने वस्तू खरी ठरायची. नुसती मान हलवली तर आणणारा बिचारा गोरामोरा होऊन वस्तू पिशवीत घालायचा. पुरावा मागायला त्यांनीच सगळ्यांना शिकवलं होतं. "जो म्हणतो मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, त्याची आधी झडती घ्या," हे त्यांचं आवडतं वाक्य. सगळी मंडळी ते वेदवाक्य मानायची.

मंडळाने एकदा मोठं प्रदर्शन ठरवलं. त्यात गावातल्याच एका कॅप्टनसाहेबांचे सही केलेले फोटो मधोमध लागणार होते. जळत्या पुलावरून जखमी सोबत्यांना एकेक करून पाठीवर आणलं, म्हणून त्यांना पदक मिळालं होतं. माणूस अबोल. कार्यक्रमाला आले की उजवा हात कोटाच्या खिशात. कुणी सही मागितली तर म्हणायचे, "घरी पाठवा, करून देतो." लोकांसमोर त्यांनी कधी सही केली नाही.

भावजींच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी सगळ्यांकडचे फोटो मागवून दुकानाच्या टेबलावर ओळीने मांडले. सही तीच, तेवढीच, तशीच तिरकी. शाईसुद्धा प्रत्येक फोटोवर त्याच त्याच जागी तुटलेली.

"हे बघ," ते मला म्हणाले. "माणसाची सही दोनदा सारखी येत नाही. हा शिक्का आहे. रबर झिजलंय, म्हणून शाई तुटते."

मी एका फोटोच्या पाठीवरून बोट फिरवलं. "भावजी, मागे पेनाचा दाब लागतोय. शिक्क्याने कसा उठेल?"

"शिक्का मारून वरून पेन फिरवलंय. पक्का आहे गडी!"

त्यांच्याशी वाद घालायचा म्हणजे असं होतं. बाजूने काही सापडलं तर पुरावा, विरुद्ध सापडलं तर आणखी मोठा पुरावा.

बैठकीत त्यांनी मान हलवली आणि कॅप्टनचे फोटो प्रदर्शनातून उतरले. एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. पण आठवड्याच्या आत गावात कुजबुज सुरू झाली, की सही शिक्क्याची तर पदक तरी कशावरून खरं? पुलावर खरंच कोण होतं, कुणास ठाऊक.

मग एका सकाळी कॅप्टनची मुलगी दुकानात आली. चष्मा बघितला नाही, बसली नाही. "बाबांनी तुम्हाला घरी बोलावलंय," एवढंच म्हणाली आणि गेली.

"चहा पाजून मिटवायचं असेल," भावजी म्हणाले. "तू चल बरोबर. साक्षीला कुणीतरी हवं."

कॅप्टनचं घर छोटंसं, दोन खोल्यांचं. भिंतीवर ना फोटो ना पदक. भावजींनी तेही डोळ्यांनीच मला दाखवलं. कॅप्टन खुर्चीत बसले होते, हात खिशात. भावजींनी पिशवीतून कॅप्टनचाच एक सही नसलेला फोटो काढून टेबलावर ठेवला आणि सरळ म्हणाले, "माझ्यासमोर सही करा. मी जाहीर माफी मागेन."

मुलगी ताडकन म्हणाली, "बाबा, काही गरज नाही. यांना जाऊ दे."

"आण तो पत्रा," कॅप्टन म्हणाले.

तिने आतून पितळेचा पातळ पत्रा आणला. त्यात सहीची अक्षरं कोरून आरपार कापलेली होती. अक्षरांचे मधले भाग गळून पडू नयेत म्हणून जागोजाग बारीक पट्ट्या सोडलेल्या. शाई तुटत होती ती तिथेच. मग कॅप्टननी हात बाहेर काढला. तो थरथरत होता म्हणणं कमी होईल. तो हात त्यांचा नव्हताच, कुणीतरी दुसराच तो हलवत होता. मुलीने पेन बोटांत अडकवलं. डाव्या हाताने उजवं मनगट टेबलावर दाबून धरत त्यांनी ते पेन एकेका अक्षराच्या खाचेतून ओढलं. कपाळावर घाम आला. सही पुरी व्हायला इतका वेळ लागला की मला खिडकीबाहेर बघावंसं वाटलं. भावजींची नजर मात्र त्या हातावरून हलली नाही.

"जखम झाली होती?" त्यांनी विचारलं. आवाज उतरला होता.

"जखमच नाही, हीच तर पंचाईत आहे," कॅप्टन म्हणाले. "पुलावरून परत आलो, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून कापतोय. डॉक्टर म्हणतात, हाताला काहीच झालेलं नाही. मग लोक काय म्हणतील? पदकवाल्याची पाचावर धारण बसली होती. पाठीवर आणलं, त्यातले काही वाचले नाहीत. त्यांच्या घरचे अजून भेटायला येतात, तो घाबरला नव्हता ना असं विचारतात. मी सांगतो, कुणीच घाबरलं नव्हतं. हा हात पाहिला तर माझं कोण ऐकेल?"

मग ते म्हणाले, "सही खोटी म्हणायचं तर म्हणा. पण हाताचं कुठे काढू नका. दोघंही."

आम्ही दोघांनी शब्द दिला. परत येताना भावजी रस्ताभरात एकदाच बोलले, "दाब तुला कळला होता." मी विषय बदलला. जखमेवर मीठ कशाला चोळायचं?

पुढच्या बैठकीला मी मुद्दाम गेले. भावजी उभे राहिले. "कॅप्टनच्या सह्या खऱ्या आहेत. मी चुकलो. फोटो पुन्हा लावा."

मंडळाचे सचिव हायस्कूलचे निवृत्त मास्तर. त्यांनी चष्मा वर केला. तो चष्माही आमच्याच दुकानातला. "कशावरून?"

"मी सही करताना पाहिलं."

"मग सगळ्या सारख्या कशा?"

भावजींनी हातातलं भिंग खिशात टाकलं.

"आणि शाई तुटते ती?"

"ते सांगता येणार नाही. मी सांगतोय, एवढं पुरे समजा."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मागून आवाज आला, "म्हणजे माझ्या डोळ्यांनी पाहिलं!" आणि मग सगळेच हसले. एकाने विचारलं, घरी बोलावून काय हातावर ठेवलं? दुसरा म्हणाला, आजवर ज्यांना "ठीक" म्हटलं त्या वस्तू पुन्हा तपासायला हव्यात. माझं डोकं भडकलं. एका वाक्यात त्यांची तोंडं बंद करता आली असती. मी उठले, तसं भावजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मला खाली बसावं लागलं.

फोटो लागले नाहीत. भावजींचा शेरा यापुढे धरायचा नाही, असंही ठरलं. त्यांनी स्वतःच्या वस्तू प्रदर्शनातून काढून घेतल्या आणि कॅप्टनने समोर सही केलेला तो फोटो दुकानात काउंटरमागे लावला. गिऱ्हाइकं विचारायची, "सही खरी आहे का हो?" "खरी." "कशावरून?" "मी सांगतोय म्हणून." गिऱ्हाइकं माझ्याकडे बघून हसायची, आणि मला त्यांचा मनस्वी राग यायचा.

हे सगळं ताईच्या कानावर गेलंच. दुपारचं जेवण झालं, ताटं उचलली, आणि ती त्यांच्यासमोर येऊन बसली.

"बाहेरच्यांना सांगू नका. मला तरी खरं सांगा. तिथे काय ठरलं?"

"काही नाही ठरलं," भावजी म्हणाले. "सही खरी आहे."

"मग आजवरचे तुम्ही एका भेटीत असे कसे बदललात?"

ना ते माझ्याकडे बघत होते, ना मी त्यांच्याकडे. शब्द दोघांचा होता.

"माझ्यावर विश्वास ठेव," ते म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. मला वाटतं ताईनेही.

ताईने त्यांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं. मग बैठकीत ते हलवायचे तशी नुसती मान हलवली आणि आत गेली.