जाळीवरची उघडी जागा

दवाखान्यातून पोराचा फोन आला तेव्हा मी मागावर बसलो होतो. "आप्पा, आई गेली." धोटा खाली ठेवला, उठलो, पुन्हा बसलो, पुन्हा उठलो... दीड महिना झाला, तसंच चाललंय. कुठं बूड टेकत न्हाय.

माझी बायको इंदू. वडगावच्या आमच्या घरात माग माझा आणि खिडकी तिची. खिडकीएवढं जाळीचं कापड तिथंच ताणून त्यावर ती क्रोशानं विणलेली फुलं, पानं जोडायची. नमुना न्हाय, मोजमाप न्हाय. सुईला सुचेल तसं पान. मी चौथी नापास, पण काठाची नक्षी घरं मोजून काढणारा माणूस. एक धागा चुकला तर हातभर उसवणारा. मला ते बघवायचं न्हाय.

"ही वेल कुठं चाललीय गं?"

"तिलाच इचारा की."

एकदा ती कणकुंबीला भावाकडं गेलती. तेवढ्यात मी मधली सगळी वेल उसवली, जाळीची भोकं मोजली आणि निळ्या पेन्सिलीनं सरळ रेघा मारून ठेवल्या. वाटलं, खूश होईल. आली, बघितलं, चहा ठेवला. मग म्हणाली, "तुम्ही काढलासा, तुम्हीच भरा."

"बाप्याच्या हातात क्रोशाची सुई?"

"दिवसभर लुगडी विणताय, तवा कुठं जातोय बाप्या?"

हसली; पण त्या जागेला पुन्हा हात लावला न्हाय. भोवतीनं फुलं भरत गेली. मधे दोन ओंजळींएवढी उघडी जाळी... मीही हट्टाला पेटलो. दवाखान्यात शेवटची भेट झाली तेव्हा, नाकात नळी असताना तिनं इचारलं, "भरलासा?" म्हटलं, "तू घरला ये, मग बघू." एक पान करून खिशातनं न्यायचं होतं मी. नेलं न्हाय.

सूनबाई म्हणाली, "मी भरते, आप्पा." तिच्यावर ओरडलो. दोन दिवसांनी तिलाच म्हटलं, शिकीव. सगळा जन्म मागावर गेला, पण साधी साखळी घालताना टाका बोटातनं निसटतोय. उठतो, चौकापर्यंत जाऊन येतो, पुन्हा बसतो. काल एक पान झालं. निळ्या रेघेवर ठेवलं, बसेना. तिरकं केलं, बसलं. तिथंच टाचलं.

"आप्पा, वाकडं झालंय."

"असू दे."

जागा अजून बरीच उघडी हाय. दुपारचं ऊन तेवढ्यातनंच मागावर पडतंय. ती सगळी भरली की मग हातांचं काय करायचं, ते अजून ठरवलेलं न्हाय.